चारशे बारा नंबरचा बिल्ला

"गुराच्या गळ्यातला असेल," नॉर्मा म्हणाली. "बघा ना काका. तुमचा काळाकुट्ट चहा प्यायला नाही आले मी."

"शाळेत तू पोरांना जे वाढतेस त्यापेक्षा बरा असतो," म्हणत म्हाताऱ्या हेडलीने चष्मा लावला. पितळी बिल्ल्यावरची माती त्याने अंगठ्याने पुसली. ४१२. त्याचं हसू तिथेच थांबलं.

हेडली पूर्वी खाणीच्या दिवाखान्यात कामाला होता. खाली जाणारा माणूस दिवा घ्यायचा आणि खिळ्यावरचा आपला बिल्ला खिशात टाकायचा. वर आला की परत टांगायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली.

"कुठे सापडला?"

"टेकाडामागच्या खळग्यात. मेंढ्या बसत नाहीत तिथे. धातू शोधायचा डिटेक्टर नुसता कण्हत होता."

"खळगा नाही तो. हवेच्या भुयाराचं तोंड होतं. बिल्ला किती खोल होता?"

"वीतभर."

हेडलीने कप खाली ठेवला.

नॉर्मा चार वर्षांची असताना खाणीला आग लागली. मालकांनी त्याच संध्याकाळी सगळी तोंडं मातीने बुजवली. हवा बंद, आग बंद. खालचे पहिल्या स्फोटातच गेले, असं पेपरात छापून आणलं. पेपरही त्यांचाच. कोळसा वाचला. विधवांना दर महिन्याला एक गाडी कोळसा फुकट, त्याच खाणीतला. नॉर्मा त्याच्यावर शेकत वाढली.

"नंबर कुणाचा, काका?"

"मेलेल्यांचे नंबर आम्ही पुन्हा कुणाला दिले नाहीत. राल्फचा आहे. तुझ्या बापाचा."

तिने बिल्ला उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "कड अशी का झाली? नांगर लागला असेल."

"नांगराने वाकतो, पोरी. झिजत नाही."

तिने कडेवरून बोट फिरवलं. सुरीसारखी धार. एकाच अंगाने झिजलेली. शाळेच्या स्वयंपाकघरातलं तिचं उलथणं असंच झिजायचं, करपलेलं खरवडून खरवडून. दुसऱ्या बायका ते हातात धरत नसत. म्हणायच्या, डावखुरीचं आहे.

"बाबा डावखुरे होते?"

हेडलीने मान डोलावली.

"एवढं झिजायला किती वेळ लागला असेल?"

"विचारू नकोस."

घरी दारामागचा पहिला खिळा आईने मरेपर्यंत कुणाला वापरू दिला नव्हता. पाहुण्याचा कोटसुद्धा नाही. नॉर्माने त्यावर बिल्ला टांगला आणि दार लावलं. कुठूनशी झुळूक आली. बिल्ला हलला, भिंतीला घासला.

खर्र.

थांबून पुन्हा, खर्र.

नॉर्माने दार उघडलं, सताड, आणि ते मिटू नये म्हणून खुर्ची लावली. थंडी आत येत राहिली. ती शाल गुंडाळून समोर बसून राहिली.