मी दार सांभाळतो, बाकीचं मला विचारू नका

थांबा! आधी नाव टाका. मग पासवर्ड. उगाच आत डोकावू नका, मला तुमचा भरवसा नाही. रागावू नका हो, माझा जन्मच त्यासाठी झालाय. रत्नागिरीतल्या एका आंबा बागायतदार संघाच्या वेबसाइटवर, लॉगिनच्या दारात बसलेला प्रोग्रामचा तुकडा मी.

दोन हजार दोन साली जन्मलो तेव्हा अगदी आटोपशीर होतो. पासवर्ड जुळला की आत, नाही जुळला की बाहेर. पण आमचे अध्यक्ष आप्पा! दर मोसमाला म्हणायचे, "हा दारात बसलेलाच आहे, तर एवढंही बघेल की." मग आलेल्याची वेळ नि कॉम्प्युटर टिप, नवीन ऑर्डर दाखव, तिच्यावर 'पाहिली' अशी खूण कर. ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने ओळी कोंबल्या. दोन वर्षांत माझं पार बोचकं झालं.

त्यात आमचे बागायतदार! पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो हे त्यांच्या गावीच नव्हतं. निम्म्यांचा पासवर्ड 'हापूस'. बागेतून फोन करून ऑफिसातल्या मालनला तो ओरडून सांगायचे. केळशीच्या विमलाकाकू तर ऑफिसभर ऐकू यायच्या. "मालन, बघ गो, आमची ऑर्डर आली काय?" मालन त्यांच्या नावाने आत शिरायची. एकाच कॉम्प्युटरवरून अख्खा तालुका शिरतोय म्हटल्यावर संशय येणारच ना? मला ती बाई पहिल्यापासून खटकायची.

एका एप्रिलात काकूंनी पासवर्ड बदलला नि मालनला जुनाच सांगितला. मी हाकलून दिलं. "अगो हो, बदलला नाय काय मी!" म्हणत त्यांनी नवा सांगितला. मालन आत गेली. "काकू, नवीन काही नाही हो." आठवड्याने पुण्याचं गिऱ्हाईक आप्पांवर खेकसलं, ऑर्डर दिली तर आंबे कुठेत? आप्पांनी बघितलं. ऑर्डर आलेली होती, तिच्यावर 'पाहिली' अशी खूण होती, नि कॉम्प्युटर मालनचा. आणखी दोघातिघांचं तसंच निघालं.

"ऑर्डरी दाबून दलालाला देतेस काय गो?" आप्पांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"आप्पा, मला दिसलीच नाही, मी कशाला देऊ?" मालन रडायला लागली. आप्पांनी तिला घरी बसवलं. मला बरंच वाटलं.

मग त्यांनी वेबसाइट बघणाऱ्या सुनेत्राला बोलावलं. "मालन काय काय बघते ते टिपणारं अजून एक ह्याच्यात घाल. मग तिला कायमची काढतो."

सुनेत्राने मला उघडलं नि कपाळाला हात लावला. "आप्पा, ह्याच्यात मुंगी शिरायला जागा नाही. आधी हा सोडवावा लागेल."

मी धसकलो. ही मालनला सामील तर नाही ना?

तिने एकेक काम माझ्यातून उपसून वेगळं काढलं, ज्याला त्याला नाव दिलं. पासवर्ड तपासणारा एक, ऑर्डर दाखवणारा दुसरा, खूण करणारा तिसरा. कुणामागून कोण ते लावायला बसली नि थबकली. "अरे देवा! हा ऑर्डर उचलून आधी खूण करतो नि मग पासवर्ड तपासतो? म्हणजे पासवर्ड चुकला तरी ऑर्डर 'पाहिली' होते!"

आप्पांना पटेना. तिने मला, जुन्यालाच, चालवून दाखवलं, आप्पांच्याच नावाने. त्यांची एक ऑर्डर सकाळीच आलेली, त्यांना ठाऊक होती. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. मी हाकललं. मग बरोबर टाकला. पडद्यावर आलं, नवीन ऑर्डर नाही. आता आप्पांना पटलं.

आता ह्यात माझा काय दोष? ओळी कोंबल्या कुणी? सुनेत्राने पासवर्ड तपासणं सगळ्यांत पुढे आणलं नि माझ्याकडे तेवढंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः मालनला घेऊन आले. "चुकलं माझं गो," सगळ्यांदेखत म्हणाले. ती आपल्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. काकूंचा फोन आलाच. घाईत मालनचा पासवर्ड चुकला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी एवढंच म्हटलं, पुन्हा टाका. तिने टाकला. ऑर्डर जागच्या जागी, नवीकोरी.

"आहे हो काकू, आहे!" ती डोळे पुसत म्हणाली. "पण यापुढे तुमचा पासवर्ड मला सांगू नका." ऑफिसात कुणी मान वर केली नाही.

मी अजून दारातच आहे, सडसडीत. कुणी नवं काम चिकटवायला आलं तर हात जोडतो, नका हो. संशय घेणं मला जमतं. पण पासवर्ड जुळला की नाही, तेवढंच मला विचारा. माणूस चोर की साव, ते तुमचं तुम्ही बघा.