एकशे अठरांपैकी एक्केचाळीस

परळच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेघना परबची बावीस वर्षं गेली होती आणि शेवटची सहा वर्षं ती फिजिओथेरपी विभागाची इन्चार्ज होती. तळमजल्यावर, कँटीनच्या मागे, जिथे पाहुण्यांना कधी फिरवून आणत नाहीत, तिथे तिचा विभाग. हाताखाली तिघं: हितेंद्र, नूपुर आणि संघर्ष. पक्षाघाताने लुळे पडलेले, खुबा मोडलेले, गुडघे बदललेले लोक त्यांच्याकडे यायचे आणि हळूहळू उभे राहायचे. किती जण उभे राहिले हे मात्र कोणी कधी मोजलं नव्हतं.

म्हणून जूनमध्ये नवे ऑपरेशन्स हेड उन्मेष सर आले आणि प्रत्येक टीमपुढे स्पष्ट ध्येय हवं, मोजता येईल असं हवं, असं म्हणाले, तेव्हा मेघनाला ते मनापासून पटलं होतं. निदान आपलं काम कोणाला दिसेल तरी, असं तिला वाटलं. सर शिवाजी पार्कचे, हुशार, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी आकडा दिला: एका थेरपिस्टने दिवसाला सोळा सेशन्स. आतापर्यंत कशीबशी दहा व्हायची. सोळा बसणार नाहीत, असं मेघना म्हणाली. त्यावर सरांनी शांतपणे विचारलं, "मग तुम्ही तुमचं काम कशाने मोजता, मॅडम? तो आकडा सांगा, आपण तो घेऊ." तिच्याकडे आकडा नव्हता. खोलीत पांढरा फळा लागला, त्यावर रोज संध्याकाळी आकडे लिहायचे. सोळाच्या वर हिरवे, खाली लाल.

पहिला महिना सगळं लाल गेलं. दुसऱ्या महिन्यात हितेंद्रने युक्ती काढली. एकाला सायकलवर बसवायचं, दुसऱ्याच्या हातात पुलीची दोरी द्यायची, आपण मध्ये उभं राहायचं आणि दोघांच्या सेशनच्या कार्डांवर दोन सह्या करायच्या. नूपुर पोरगी मेहनती, तिला असलं जमेना, पण तीही घड्याळाकडे बघू लागली. जिन्याचा सराव हे सगळ्यात वेळखाऊ काम. खोलीतल्या लाकडाच्या चार पायऱ्या चढायला माणसाला दहा मिनिटं लागतात, मग तो धापा टाकत बसतो, मग घाबरतो, मग त्याची समजूत काढावी लागते. जिना बंद करा असं कोणी कोणाला सांगितलं नाही. तो आपोआप मागे पडला. ऑगस्टमध्ये त्या चार पायऱ्यांवर टॉवेल वाळत घातलेले मेघनाने पाहिले होते. पाहिले आणि ती पुढे गेली. फळा हिरवा झाला होता.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी रखमा मेस्त्री नावाची साठी उलटलेली बाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याला, तात्यांना, एप्रिलमध्ये झटका आला होता आणि उजवी बाजू गेली होती. हातातलं कार्ड तिने जपून पिशवीत ठेवलेलं.

"बाय, कार्ड भरला म्हणान सांगितल्यानी," ती म्हणाली. "पण ह्यांका जिनो उतराक येना नाय. दुसरा कार्ड गावात काय, इतक्याच इचारूक इलंय."

दुसरं कार्ड मिळेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. मेघनाने कार्ड घेतलं. चोवीसपैकी चोवीस सेशन्स, प्रत्येक चौकोनात सही, खाली शिक्का: उपचार पूर्ण. शिक्क्यावर तिची स्वतःची सही होती.

मेस्त्रींचं घर लालबागला, मेघनाच्याच वाटेवर. त्या संध्याकाळी ती घरी न जाता त्यांच्या चाळीत गेली. जिना लाकडी, उभा, तिसऱ्या मजल्यापर्यंत अठ्ठेचाळीस पायऱ्या. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि कठडा नेमका उतरताना उजव्या हाताला, तात्यांच्या गेलेल्या हाताला. तात्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. तरुणपणी गिरणीत, ती बंद पडल्यावर गिरगावातल्या एका छापखान्यात बाइंडिंगला, असा सत्तरीपर्यंत पायांवर उभा राहिलेला माणूस. कार्ड संपवून हॉस्पिटलातून घरी आल्यापासूनच्या सात आठवड्यांत ते एकदाच खाली उतरले होते, तेही शेजारच्या चौघांनी खुर्चीसकट उचलून नेलं म्हणून. गणपतीत सगळी चाळ खाली होती आणि तात्या वरून ढोल ऐकत होते.

तात्या तक्रार करतील या तयारीने ती आली होती. पण तिला बघून ते ओशाळले. तोंड थोडं वाकडं झालेलं, शब्द सावकाश यायचे.

"मॅडम, तुम्ही लोकांनी सगळं केलं. कार्डावर पूर्ण लिहिलंय. माझीच मेहनत कमी पडली."

मेघना पाणी प्यायली, जिन्याने खाली आली आणि खालच्या पायरीवर बसून राहिली. आतून संताप उसळत होता. उन्मेष सरांवर, हितेंद्रवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. यांना बरं केलं नाही ते केलं नाहीच, वर त्यांच्याच तोंडून माफी वदवली. पंचवीस मिनिटांत उरकलेल्या माणसाला वाटतंय की दोष आपला.

दुसऱ्या दिवशी तिने तीन महिन्यांतली, पायांसाठी आलेल्या रुग्णांची, उपचार पूर्ण झालेली सगळी कार्डं काढली. एकशे अठरा निघाली. जेवणाच्या सुट्टीत चौघांनी मिळून फोन करायचे आणि प्रत्येकाला एकच विचारायचं: तुम्ही तुमच्या पायांनी घराबाहेर पडून परत घरात येऊ शकता का? हितेंद्र वैतागला. हे उकरून आपणच आपल्या गळ्यात घालून घ्यायचं का, आपली बढती याच आकड्यांवर आहे, असं त्याचं म्हणणं. मेघना त्याला म्हणाली की गळ्यात पडायचंच असेल तर आधी माझ्या पडेल, सही माझी आहे. मग सगळ्यात जास्त फोन त्यानेच केले. एका बाईने त्याला सांगितलं की मी आळशी आहे, तुम्ही चांगलं शिकवलं होतं. फोन ठेवून त्याने तिचं कार्ड वेगळं काढून ठेवलं.

आठवड्याने आकडा हाती आला. एकशे अठरांपैकी एक्केचाळीस जण स्वतःच्या पायांनी ये-जा करत होते. अकरा जणांचा फोन लागला नाही. सहासष्ट जण घरात अडकून होते.

तिमाहीच्या बैठकीला पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सगळ्या विभागांचे प्रमुख जमले होते. पडद्यावर रंगीत पट्ट्या. ध्येयापेक्षा चार टक्के जास्त काम करून फिजिओथेरपी पहिली आली आहे, असं उन्मेष सरांनी जाहीर केलं आणि टाळ्या झाल्या. मेघनाला पुढे बोलावलं. ती गेली, पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला आणि हातातल्या कागदावरचे चारही आकडे वाचून दाखवले.

सरांचा चेहरा उतरला, पण आवाज तोच राहिला. "मॅडम, रुग्ण घरी जाऊन काय करतो ते आपल्या हातात नाही. टार्गेट आपल्या हातातल्या गोष्टींचं असावं लागतं."

"त्यांच्या चाळीचा जिना आपल्या हातात नाही, बरोबर आहे," मेघना म्हणाली. "पण तो जिना आहे हे माहीत असून आपण त्यांना चार पायऱ्यासुद्धा चढवल्या नाहीत. ते आपल्या हातात होतं, सर. तुम्ही सोळा मागितले, आम्ही सोळा दिले. माणूस चालला का, हे तुम्ही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. जूनमध्ये तुम्ही मला आकडा विचारला होतात. हा घ्या आकडा."

बैठकीनंतर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. विश्वस्तांसाठीचा अहवाल तयार आहे, शुक्रवारपर्यंत तुमची सही हवी, बाकीचं पुढच्या वर्षी बघू, असं ते म्हणाले. मेघनाने अहवाल घेतला, आपल्या पानावर शेऱ्याच्या जागेत एकशे अठरा, एक्केचाळीस, अकरा, सहासष्ट असं अक्षरी आणि अंकी लिहिलं आणि मग खाली सही केली. सोमवारी तिच्या टेबलावर मेमो आला. रुग्णांशी परवानगी न घेता संपर्क साधल्याबद्दल खुलासा करावा.

तो कागद तिने तीनदा वाचला. सहासष्ट माणसं घरात खिळली याचा खुलासा कोणी मागितला नव्हता. त्यांना फोन केला याचा मागितला होता. तिने खुलाशात लिहिलं की हे रुग्ण आमचेच आहेत आणि त्यांची चौकशी करायला परवानगी लागते हे मला बावीस वर्षांत कोणी सांगितलेलं नाही. नूपुरने वाचून म्हटलं, मॅडम, जरा सौम्य करा. मेघनाने एकही शब्द बदलला नाही.

शेऱ्याची जागा सहसा कोणी वाचत नाही, पण विश्वस्तांमधल्या मृणालिनीबाई वाचत असत. बाई ऐंशीच्या, आयुष्यभर डॉक्टरकी केलेल्या. त्यांनी कोणाला वर बोलावलं नाही. काठी टेकत स्वतः तळमजल्यावर आल्या, टॉवेल घातलेल्या पायऱ्या बघितल्या आणि विचारलं की मग मोजायचं काय, ते चौघं मिळून ठरवून द्या. चौघांनी दोन दिवस डोकं लावलं. पहिल्याच दिवशी कार्डावर रुग्णाच्या घरचा जिना लिहायचा: पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला. सराव त्या जिन्यासाठी करायचा, तोही हॉस्पिटलच्या मागच्या उभ्या जिन्यावर. आणि कार्ड संपल्यावर आठ आठवड्यांनी फोन करून विचारायचं, उतरता का आणि चढता का. दोन्हीला हो आलं तरच हो.

विश्वस्तांनी सहा महिन्यांसाठी ते मान्य केलं. दिवसाच्या सोळा सेशन्सची अकरा झाली. सरांनी पुढच्या बैठकीत नवी पद्धत स्वतः समजावून सांगितली, अगदी आपलीच असल्यासारखी. मेमो मात्र कोणी मागे घेतला नाही. तो मेघनाच्या फायलीत आहे आणि त्या वर्षीची तिची बढतीही त्यातच अडकली. मागे घ्या म्हणून तिने विनंतीही केली नाही.

अडकलेल्या सहासष्ट जणांना परत बोलावलं, त्यांतले पन्नासएक आले. तात्यांना शेजाऱ्यांनी खुर्चीतून आणलं. पाठमोरं उतरलं की कठडा डाव्या हाताला येतो, तो धरून उतरायचं हे संघर्षने त्यांना शिकवलं. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या. तिसऱ्या आठवड्यात एक मजला. कार्ड संपेपर्यंत मागच्या जिन्याचे दोन मजले ते उतरू आणि चढू लागले होते.

फेब्रुवारीत नव्या पद्धतीचा पहिला आकडा फळ्यावर जायचा होता. नूपुरने मेस्त्रींकडे फोन लावला. रखमाबाई खुशीत होत्या. तात्या रोज पहिल्या मजल्यापर्यंत उतरतात, तिथे गुरवांच्या दारात बसतात, पेपर वाचतात, चहा घेतात आणि वर येतात. शेवटच्या सोळा पायऱ्या तेवढ्या राहिल्यात, त्या फार झिजल्या आहेत, तिथे भीती वाटते.

नूपुरने फोन ठेवला आणि पेन हातात धरून मेघनाकडे बघितलं. "मॅडम, हे हो धरू या ना. बत्तीस पायऱ्या उतरतात ते. कुठे खुर्चीत होते."

"घराबाहेर पडतात का?"

"नाही, पण..."

"मग नाही लिही."

नूपुरचे डोळे भरले. हे अन्यायाचं आहे, असं ती म्हणाली. मेघनालाही ते तसंच वाटत होतं, पण तिने मान हलवली. आज बत्तीस पायऱ्यांना हो म्हटलं की उद्या वीसला म्हणू आणि परवा पुन्हा टॉवेल वाळत घालू, असं तिने सांगितलं. नूपुरने चौकोनात नाही लिहिलं. संध्याकाळी फळ्यावर आकडा गेला: आठ आठवडे पूर्ण झालेल्या त्रेचाळीसपैकी चोवीस; एकोणीस राहिले म्हणून लाल अक्षरांत. संघर्षने तात्यांचं नवं कार्ड काढलं आणि वर, घरचा जिना या रकान्यात, लिहिलं: खालच्या सोळा पायऱ्या, झिजलेल्या.