आवाज आधी, ओठ नंतर

मी चित्रपट जोडण्याचे एक जुने टेबल आहे. माझ्या पाठीवर सहा तबकड्या आणि समोर हातरुमालाएवढा पडदा आहे. एका तबकडीवर चित्रांची फीत फिरते, दुसरीवर आवाजाची. मित्रांनो, ओठ हलावेत आणि त्याच क्षणी शब्द ऐकू यावा, एवढ्यासाठीच मला घडवले. एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. त्यांतली चार-पाच मागेपुढे झाली, तरी बघणारा चुळबुळतो.

एकोणीस वर्षे मला एकाच बाईंनी चालवले. सगळे त्यांना ताई म्हणत. "ताईंच्या टेबलावरून चूक बाहेर पडत नाही," असे दिग्दर्शक म्हणाले की निम्मी शाबासकी मी स्वतःकडे ठेवून घेई.

एकदा ताई आजारपणाची रजा संपवून आल्या. फीत लावली आणि लगेच थांबवली.

"आवाज पुढे पळतोय."

मिस्त्रींनी माझे पट्टे, दातेरी चाके, दिवा, सगळे तपासले. "ताई, टेबल ठणठणीत आहे."

"मग मी काय खोटं बोलतेय?"

ताईंनी आवाज पाच चित्रे मागे ढकलून अख्खे रीळ जोडले. दिग्दर्शकांनी ते पाहिले. "आवाज मागे पडतोय, ताई. तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं." बाहेर कुजबुज सुरू झाली. माझ्यावर कापड पडले. चित्रपट दुसरीकडे द्यायचे जवळजवळ ठरले.

दुपारी ताईंची धाकटी बहीण डबा घेऊन आली. "जेवून घे, गार होईल." ताई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"परत बोल."

"काय बोलू?"

"राहू दे. टाळी वाजव."

बहिणीने टाळी वाजवली. तळहात भिडताना दिसण्याआधीच ताईंना आवाज आला होता. त्या खाली बसल्या.

"टेबल नाही गं. माझंच काहीतरी बिघडलंय."

डॉक्टरांकडून आल्यावर त्यांनी मिस्त्रींना सांगितले, "डोळ्यांची बातमी आणि कानांची बातमी डोक्यात एकदम पोचत नाही. डोकं दोघींची गाठ घालून देतं, त्यालाच आपण 'आत्ता' म्हणतो. माझी ती गाठ सैल झालीय."

"आवळता येईल?"

"बहुतेक नाही."

मग ताईंनी मला पुसले, तेल घातले आणि पांढरी पेन्सिल घेतली. ओठ उघडतात त्या चित्रावर खूण करताना त्या आवाज बंद ठेवीत. शब्द सुरू होतो तिथे आवाजाच्या फितीवर खूण करताना पडद्यापुढे पुठ्ठा लावीत. नंतर दोन्ही खुणा समोरासमोर आणून जोड देत. दोन महिने लागले.

दिग्दर्शकांनी चित्रपट पाहिला. "एक चित्रसुद्धा हललेलं नाही," ते म्हणाले. ताईंना मात्र तो शेवटपर्यंत विस्कटलेलाच दिसला होता. तरी खुणांवर विश्वास ठेवून त्यांनी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली.

तेव्हापासून बहीण बोलू लागली की ताई डोळे मिटून घेत. बहीण विचारी, "कंटाळलीस का?"

"नाही. अशीच तू नीट ऐकू येतेस."

आता मी अडगळीत आहे. त्याचे दुःख होण्याइतके लोखंडाला कळत नाही. पण मित्रांनो, बिघडलेले यंत्र उघडून बघता येते. माणसाला काय दिसते, काय ऐकू येते, ते त्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून ते सांगणाऱ्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा.