पाजणीच्या गल्लीवरून तार

१९६८ साली आमची सरकारी प्राथमिक शाळा एका इमारतीत नव्हती. नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत, एकाच गल्लीत, भाड्याच्या तीन जागांत ती भरायची. ऑफिस आणि चौथी एका घरात, तिसरी तिथून चार घरं पुढे आणि मी शिकवायचे ती दुसरी गल्लीच्या पलीकडच्या बाजूला कौलारू खोलीत. वीज फक्त ऑफिसच्या घरात होती.

त्या वर्षी शाळेला रेडिओ मिळाला. दुपारी शाळांसाठी वीस मिनिटांचा पाठ लागायचा. कधी विज्ञान, कधी भूगोल, कधी नुसती गोष्ट. चौथीची मुलं तो ऐकायची. एकदा तिसरीची मुलंही तिथे नेऊन बसवली, तर दारात रेटारेटी झाली आणि एका मुलीचा पाय मुरगळला. बडे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक वामनराव, म्हणाले, ‘‘आता पुरे. बाकीच्यांचं पुढच्या वर्षी पाहू.’’

तिसरीला चंद्रकला नंदनवार शिकवायची. विणकराचीच लेक, मागाजवळ कांड्यांवर सूत भरता भरता शिकलेली. बोलणं कमी, पण एकदा मनात घेतलं की सोडायची नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना ती मला म्हणाली, ‘‘प्रयाग, पोरं रेडिओपाशी जाऊ शकत नाहीत ना? मग आवाजच पोरांपाशी नेला तर?’’

‘‘तो कसा नेणार?’’

‘‘ते मले माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याला विचारू.’’

रविवारी आम्ही सीताबर्डीच्या बाजारात गेलो. तिथे बाबूलाल नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा एका जिन्याखाली बसायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘बाई, रेडिओच्या मागं जादा स्पीकर लावाची सोय राहते. तिथून दोन तारा ओढा. दोन खोल्या आरामात चालतील. त्या तारेत शॉक नाही, फक्त आवाज.’’ मोडीत निघालेल्या रेडिओंचे दोन स्पीकर त्यानं शाळेसाठी म्हणून तसेच देऊन टाकले.

तिसरीपर्यंत तार सहज गेली. माझ्या खोलीकडे मात्र ती गल्ली ओलांडून शालिकरामच्या घरावरून न्यावी लागणार होती. आणि शालिकरामनं साफ नाही म्हटलं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रोज सकाळी त्याच्या दारासमोर पाजणी चालायची. गल्लीभर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, ताणून त्याला खळ लावायची आणि कुंचा फिरवायचा. त्यावर तार पडली तर आठवड्याची मेहनत वाया.

‘‘अन् तिच्यात करंट उतरला तं?’’ तो म्हणाला. ‘‘ताणा ओला राहते बाई. माह्या घरचे माणसं चिपकतीन.’’

‘‘करंट नाही त्यात, शालिकरामभाऊ.’’

‘‘तुमी मास्तरीण आहा, लाइनमन नाही.’’

चंद्रकला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. चौथ्या दिवशी शालिकरामची बायको जनाबाई दारातूनच म्हणाली, ‘‘काहून रोज रोज येऊन राहिल्या वं बाई? ते ऐकणार नाहीत.’’

‘‘मग उद्या दुपारी त्यांना घेऊन शाळेत या. फक्त पाच मिनिटं.’’

दोघं आली. रेडिओवर पाठ सुरू होता. चंद्रकलानं तिसरीच्या खोलीतल्या स्पीकरची तार सोडवली. आवाज बंद झाला. दोन्ही उघडी टोकं तिनं दोन हातांत धरली. मी शेजारीच होते. बाबूलालच्या शब्दापलीकडे तिला तरी काय माहीत होतं! वामनराव मागोमाग आले होते, ते वर्गाच्या दारातून ओरडले, ‘‘अहो बाई, सोडा!’’ तिनं सोडलं नाही. मनाशी वीसपर्यंत आकडे मोजले आणि मगच टोकं पुन्हा स्पीकरला जोडली. आवाज परत आला.

शालिकरामनं पुढे होऊन तार निरखून पाहिली. शेवटी जनाबाईच म्हणाली, ‘‘आता काय बाईले मारता का? होय म्हणा ना.’’

‘‘उंच बांबू लागतीन,’’ शालिकराम म्हणाला. ‘‘अन् बांबू मीच गाडीन. तुमच्या हातचा भरवसा नाही.’’

बांबू त्यानं खरोखरच इतके पक्के गाडले की बैलगाडी घासून गेली तरी हलले नाहीत. पुढच्या सोमवारी माझ्या खोलीत पहिल्यांदा आवाज आला. मुलं आधी स्पीकरच्या मागे जाऊन पाहून आली. मग एकदम चिडीचूप बसली. त्या दिवशी मुंगीच्या वारुळाचा पाठ होता. पाठ संपल्यावर पंचावन्न पोरं अंगणात वारूळ शोधायला धावली, आणि मला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

महिन्याभरानं शाळा तपासायला शिक्षण खात्याचे कृष्णकांत साहेब आले. गल्लीत शिरताच त्यांची नजर वर गेली.

‘‘ही तार कोणाच्या परवानगीनं?’’

वामनराव मवाळ माणूस. नोकरीची दोन वर्षं उरलेली. मला वाटलं, ते चंद्रकलाकडे बोट दाखवतील. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, ‘‘माझ्या परवानगीनं, साहेब.’’

‘‘तुम्हाला तो अधिकार नाही. आठ दिवसांत काढून टाका.’’

चंद्रकला पुढे झाली. ‘‘साहेब, दहा मिनिटांत पाठ लागेल. दुसरीच्या वर्गात बसून एकदा ऐका. मग काढा म्हणालात तर मी स्वतः काढीन.’’

साहेब माझ्या खुर्चीवर बसले. पाठ नदीचा होता. संपल्यावर त्यांनी मुलांना विचारलं, ‘‘आपल्याकडची कोणती नदी माहीत आहे?’’ अर्ध्या वर्गानं हात वर केले. कोणी कन्हान म्हणालं, कोणी नाग म्हणालं, आणि एकीनं उभं राहून नदीत वाळू कुठून येते ते सांगायला सुरुवात केली. तिला थांबवावं लागलं.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, ‘‘नियम मला बदलता येत नाही. पण तार ज्या ज्या घरावरून जाते, त्या प्रत्येकाची लेखी संमती आणि रीतसर अर्ज आणाल, तर मी तो वर नेईन. आठ दिवस आहेत तुमच्याकडे.’’

घरं नऊ होती. चंद्रकला शाळा सुटल्यावर रोज फिरली. मी सोबत असायचे. आठ घरांची संमती पाचव्या दिवशी झाली. नववा घरमालक देवराव उमरेडला लग्नाला गेला होता. सातव्या दिवशी शाळा सुटताच चंद्रकला एसटीनं उमरेडला गेली, आणि मांडवातच त्याची सही घेऊन आली. आठव्या दिवशी शाळेपूर्वी वामनरावांनी तो अर्ज स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवला.

उत्तर यायला चार महिने लागले. तोवर तार तशीच राहिली. काढा म्हणून कोणीही आलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक टाइप केलेलं पत्र आलं. तार ठेवायला मंजुरी होती. आणि खाली दोन ओळी होत्या : शहरात आणखी पाच शाळा (यादी सोबत) अशाच विखुरलेल्या खोल्यांत भरतात. तिथे हे कसं करता येईल, ते संबंधित शिक्षिकेनं जाऊन समजावून सांगावं.

वामनरावांनी पत्र मोठ्यानं वाचलं. चंद्रकलानं ते हातात घेऊन पुन्हा एकदा वाचलं आणि पाच शाळांची नावं आपल्या वहीत उतरवून घेतली.

‘‘शनिवारी सकाळची शाळा आहे, प्रयाग,’’ ती म्हणाली. ‘‘दुपारी मोकळी आहेस ना? पहिली शाळा आपण चालत जाऊ शकतो.’’