नाही म्हणायची तयारी

नागपूर ते रायपूर दोनशे नव्वद किलोमीटर आहे. तेवढ्या वेळात मी चार कारणं पाठ करून ठेवली. एक, रायपूरचं पाणी मला मानवत नाही. दोन, नागपूरचं घर बंद राहिलं की वाळवी लागते. तीन, माझा डोळ्यांचा डॉक्टर नागपूरच्या इतवारीत आहे आणि त्याच्याशिवाय मी कुणाला डोळ्याला हात लावू देत नाही. चौथं, मुलीच्या घरी बापानं किती दिवस राहायचं? हे चौथं मला स्वतःलाही फारसं पटत नव्हतं, पण गरज पडलीच तर असावं म्हणून ठेवलं. मीनल म्हणणार, "बाबा, आता इथंच राहा." मी ही चार कारणं तिच्यासमोर मांडणार. ती विचारणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

वनमाला, माझी बायको, मागच्या कार्तिकात गेली. तेव्हापासून मीनल दर रविवारी रायपूरहून फोन करते आणि मी दर रविवारी मजेत आहे म्हणून सांगतो. तिनं लग्न केलं नाही. ती तिथं एकटी, मी इथं एकटा. बुधवारी ती नागपूरजवळच्या बुटीबोरीचं काम आटपून परत निघाली आणि मला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं.

"चार दिवस चला," ती म्हणाली. "आधी सिलतऱ्याले माझं एक काम हाय, ते करून घरी जाऊ."

मी रस्त्याचा माणूस नाही. चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो. गार्ड म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, बारा-बारा तास एकटा बसणारा माणूस. मला मागे पडत जाणारे रूळ बघायची सवय. मोटारीत पुढच्या सीटवर बसलं की ट्रक सरळ अंगावर येतात. साकोलीच्या पुढे मी तीनदा जोरात ब्रेक दाबला. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता ही गोष्ट वेगळी.

"बाबा, गाडी मी चालवून राहिली," मीनल म्हणाली.

"माहीत हाय मले. म्हणूनच तं."

देवरीला धाब्यावर चहा घेताना तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "शनिवारी ऑफिसले एक उत्तर द्या लागते," ती म्हणाली.

"मंग दे. त्यात काय?"

"हव," ती म्हणाली. रायपुरात राहून तिला हो ऐवजी हव म्हणायची सवय लागली आहे. ती आणखी काहीतरी बोलणार असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी पाण्याचं कारण ओठांवर आणून ठेवलं.

"समोसा घेता का?" तिनं विचारलं.

दुपारी रायपूरच्या ताटीबंधचा चौक ओलांडला, भनपुरीच्या ट्रकांच्या रांगेत पाऊण तास गेला आणि मग लोखंडाच्या कारखान्यांचं सिलतरा आलं. झाडांची पानंसुद्धा काळी. या भागात मी शेकडो वेळा आलो होतो, पण कारखान्यांच्या मागच्या रुळांवरून. पुढून त्यांना दरवाजे असतात हे पहिल्यांदा कळलं. रायपूर शहरही मी असंच पाहिलं नव्हतं. गाडी लावायची, रेल्वेच्या रनिंग रूममध्ये झोपायचं, पुढच्या गाडीचा कॉल आला की निघायचं. रायपूर म्हणजे माझ्यासाठी एक पलंग आणि एक पंखा होता.

गेटवर भार्गव नावाचा एक सुपरवायझर मीनलची वाट बघत उभा होता. तिनं डिकीतून हेल्मेट, जाड बूट, मास्क काढला आणि मला गेटच्या खोलीत बसवून त्याच्याबरोबर आत गेली. पोरगी "विटा बघते" एवढंच मला ठाऊक होतं. लोकांना मी ती इंजिनीअर आहे म्हणून सांगत असे.

"बेटी हे का?" गेटवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"हव," मीही म्हणालो.

"भट्ठी के भीतरी जाथे दीदी हा. हमर आदमी मन डेराथें."

ताई भट्टीच्या आत जाते, आमची माणसं घाबरतात, असं तो म्हणत होता. मग त्यानं हातवारे करून मला समजावलं. लोखंडाची ती लांबलचक नळीसारखी भट्टी बंद करून दोन दिवस निवू देतात. मग माझी मुलगी हातात टॉर्च घेऊन आत शिरते, आतल्या विटा एकेक करून ठोकून बघते आणि कुठल्या बदलायच्या त्यांवर खडूनं खूण करते. आत अजून धग असते. पंधरा वर्षं ती हे करते आहे आणि हे मला एका गेटवाल्यानं सांगावं! मला लाज वाटली.

तीन तासांनी ती बाहेर आली. तोंड काळंकुट्ट, फक्त दात पांढरे. काचेतून मला दिसत होती. बाकावर बसली, बाटलीभर पाणी एका दमात प्यायली, बूट काढले आणि तशीच बसून राहिली. कुणी तिला दमलीस का म्हणून विचारलं नाही. बाजूनं माणसं येत-जात होती. रोज ती अशीच बसत असणार, आणि मग घरी जाऊन कुलूप उघडत असणार. माझा जीव तुटला. हिच्या घरी आतून दार उघडणारं कुणीतरी असायला हवं, असं मला वाटलं. ते कुणीतरी मी असायला काय हरकत आहे, असंही वाटलं.

ती गाडीत येऊन बसली तेव्हा मी म्हणालो, "तोंड पूस."

तिचं घर चौबे कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर. मला दिलेल्या खोलीत एक पलंग आणि एक कपाट. कपाट उघडलं तर रिकामं, खणांत कोरा कागद अंथरलेला. पोरीकडे धड कपडेही नाहीत, म्हणून मी हळहळलो. बॅग पलंगाच्या उशाशी ठेवली. लागेल ते काढायचं, वापरून झालं की परत आत घालून चेन लावायची. सकाळी उठलो की चादर चौपदरी घडी करायची, वर उशी. बूट दाराकडे तोंड करून. चौतीस वर्षांची सवय. रनिंग रूममध्ये सामान पसरायचं नसतं. कॉल कधी येईल सांगता येत नाही, आणि आपण उठलो की त्याच पलंगावर दुसरा गार्ड येऊन पडतो.

मीनल सकाळी सातला जायची, संध्याकाळी सातला यायची. मधले बारा तास माझे. लिफ्टचा आवाज आला की मी कान टवकारायचो, आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर जायची. गुरुवारी मी वरण-भात करून ठेवला. ती जेवली, दोनदा वाढून घेतलं, आणि माझ्या खोलीच्या दारात उभी राहून आत बघत राहिली. मला वाटलं, आता विचारेल. ती घडी केलेल्या चादरीकडे बघत होती.

"झोप लागते ना नीट?" तिनं विचारलं.

"लागते की."

ती गेली. मी अंथरुणावर पडून कारणं मोजली. पाणी तर मला चांगलंच मानवत होतं, उलट पोट साफ होत होतं. वाळवीला काय खायचं ते खाऊ दे. डोळ्यांचे डॉक्टर रायपुरातही असतीलच, इथल्या लोकांना काय डोळे नाहीत? उरलं चौथं, आणि ते तर मला पहिल्यापासूनच पटत नव्हतं. नाही म्हणायला आता माझ्याकडे काहीच शिल्लक नव्हतं, आणि विचारणारी काही विचारत नव्हती.

शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, "उद्या शनिवार."

"हो."

"बाबा, काही सांगाचं हाय का तुमाले?"

आता सांगायचं कुणी? मी का आपणहून म्हणणार होतो की मला तुझ्याकडे ठेवून घे? "मले काय सांगाचं हाय? तुलेच काही सांगाचं असन तं सांग," मी म्हणालो, आणि माझा आवाज उगाचच चढला. तिनं ताटं उचलली.

शनिवारी ती दुपारीच घरी आली. "तुमचं तिकीट काढलं," ती म्हणाली. "उद्या दुपारची गाडी. तुमाले रस्ता नाही ना आवडत."

मी "बरं झालं" म्हणालो. बॅग भरायची म्हटलं तर ती भरलेलीच होती.

रविवारी स्टेशनबाहेर गाड्या तुंबल्या होत्या. मीनलनं इंजिन बंद केलं. गाडीला अजून अर्धा तास होता.

"मी काल ऑफिसले हो म्हणून कळवलं," ती समोर बघत म्हणाली. "अंगुलले चालली मी. ओडिशात. तीन वर्षं."

"आन् हे घर?"

"सोडून देईन. तिथं कॅम्पात खोली देतात. एका माणसाची." मग जरा थांबून म्हणाली, "मी इथं राहते म्हटलं असतं तं ऑफिसवाले इथंच ठेवणार होते मले. तुमी राहणार असते, तं मी अंगुलले नाही म्हणणार होती. म्हणूनच तं शनिवारपर्यंत थांबली."

"मंग विचारलं काहून नाही?"

"काय विचाराचं, बाबा? कपाट रिकामं करून ठेवलं तुमच्यासाठी, कागद अंथरला. चार दिवसांत तुमी त्याच्यात एक बनियान नाही ठेवली. रोज सकाळी बॅग बंद, चादर घडी, बूट दाराकडे. आत्ता निघतो म्हणून बसल्यासारखे. मी काय समजाचं?"

"अवं, ते तं रनिंग रूमची सवय हाय माही..." मी सांगू लागलो. सगळं सांगितलं. कॉलचं, पलंगाचं, दुसऱ्या गार्डचं.

"घरी तं नव्हते करत असं."

खरं होतं. पण घरी मी बॅग नुसती दारात टाकायचो. ती उघडायची वनमाला. कपडे धुवायला टाकायची, डबा घासायची, बाकीचं जागच्या जागी लावायची. बॅग आपणहून रिकामी करायचं काम मला आयुष्यात कधी करावंच लागलं नव्हतं. मी हे मीनलला सांगितलं. ती आईच्या आठवणीनं किंचित हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले.

"मी विचारलं असतं, तं हो म्हटलं असतं तुमी?"

खोटं बोलता आलं असतं. पण आता कुणासाठी बोलायचं?

"नाही म्हटलं असतं," मी म्हणालो. "दोनदा नाही म्हटलं असतं. जरा आग्रह नको का करू द्याले? तिसऱ्यांदा विचारलं असतं, तं हो म्हटलं असतं."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिनं तो ऐकला नाही.

"मी एकदाच विचारलं असतं, बाबा," ती म्हणाली. "तुमी नाही म्हटल्यावर मी कधी दुसऱ्यांदा विचारलं का तुमाले काही?"

मी आठवू लागलो. सायकल. शाळेची सहल. पुण्याचं कॉलेज. प्रत्येक वेळी ड्यूटीवर निघता निघता मी एकदा नाही म्हटलं होतं, आणि ती मुकाट्यानं आत गेली होती.