साडेअठ्ठ्याण्णव

माझी धाकटी बहीण, वय त्रेसष्ट, सोमवारी जिममध्ये जमिनीवरून शंभर किलो उचलून ताठ उभी राहिली. तिथल्या भिंतीवर शंभर उचलणाऱ्यांची सहा नावं आहेत, सगळी पुरुषांची. सातवं तिचं लिहायचं ठरलं. फोन करकरून तिनं निम्म्या गावाला कळवलं.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. खोड जात नाही. तिच्या प्लेट्सवर आकडे पौंडांचे होते. दांड्यासकट दोनशे वीस. जिममधले सगळे दोन पूर्णांक दोननं भागून शंभर म्हणतात. मी शब्दकोशामागचं कोष्टक काढलं. नव्याण्णव किलो सातशे नव्वद ग्रॅम. पुन्हा केलं. तेच.

तीन दिवस चैन पडेना. पुस्तक उघडावं आणि एकच ओळ चारदा वाचावी. सांगावं तर तिच्या आनंदावर विरजण, न सांगावं तर ती भिंत डोळ्यांपुढून हलत नाही. आणि माझंच चुकलं असेल तर? गुरुवारी तिच्याबरोबर गेलो आणि कोचनं ब्रश रंगात बुडवल्यावर, म्हणजे नेमकं नको तेव्हा, पुटपुटलो की दोनशे ग्रॅम कमी पडतात.

"दोनशे ग्रॅम?" बहीण म्हणाली. "दादा, तुझा चष्मासुद्धा त्याहून जड असेल!"

सगळे हसले. मीही हसलो. ती मात्र हसता हसता थांबली. तीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीत काढलेली बाई. वर लिहिलेल्या वजनावर तिनं कधी विश्वास ठेवला नाही.

"काटा आण रे," ती कोचला म्हणाली.

"कशाला ताई? शंभरच आहे ते."

"असेल तर कळेल."

माणसांचं वजन करायचा काटा मध्ये आला. एकेक प्लेट ठेवून ती आकडा ओरडायची, मी मांडायचो. जुनं लोखंड, कडा झिजलेल्या. शेवटी तिनं दांडा काट्यावर उभा करून दोन बोटांनी सावरला. माझी बेरीज दोनदा अडखळली.

"बोल की!"

"साडेअठ्ठ्याण्णव."

यादीत पहिलं नाव असलेला सुतार हळूच म्हणाला, "ताई, जाऊ द्या ना. आम्ही सगळ्यांनी ह्याच प्लेट्स उचलल्यात."

"ते तुमचं तुम्ही बघा. कोच, लिही. साडेअठ्ठ्याण्णव."

"अहो, ही शंभरची यादी आहे!"

"मग वरचं शीर्षक बदल."

त्यानं लिहिलं. शेवटचं अक्षर होईपर्यंत ती तिथून हलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. सुतार रंग पुसायचा बोळा घेऊन स्वतःच्या नावासमोर उभा राहिला, पण पुसेना.

"अजून दोन किलो चढव," तो अखेर कोचला म्हणाला. "मी आत्ता उचलतो."

"बाजूला हो. आधी माझा नंबर," म्हणत बहिणीनं कमरेचा पट्टा आवळला.

मी दाराकडे सरकत होतो.

"दादा, निघालास कुठे?" तिनं दोन लहान प्लेट्स माझ्या हातात कोंबल्या. "ह्या आधी काट्यावर ठेव."