सूर्यभानची मेणाची वडी

मित्रांनो, मला कुठे पडलेली पाहिलेत तर साबणाचा उरलेला तुकडा समजाल. मी मेणाची एक जुनी वडी आहे. वय चार वर्षे. नीट सांभाळली तर आणखी वीस सहज काढीन.

माझ्या पोटात देवळाली प्रवराच्या सूर्यभानच्या आतड्यातील गाठीचा तुकडा आहे, करंगळीच्या नखाएवढा. नगरला ऑपरेशन झाले तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता. प्रयोगशाळेत त्या तुकड्यावर वितळलेले मेण ओतले, ते थंड झाले आणि मी जन्मले. माझे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर चढवले. सगळे कौतुक त्या काचेचे. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. रिपोर्टात कॅन्सर लिहिले गेले. हा आजार घराण्यातून आला असेल का, याचा माग माझ्यातच होता, पण ते तपासायचे तेव्हा कुणाला सुचले नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून मला घरच्यांच्या हाती दिले आणि नंतर मी फाईलसकट कपाटात पडून राहिले. उन्हाळ्यात पत्रा तापला की आता वितळते की काय, अशी धास्ती वाटे.

यंदा सूर्यभान गेला. त्याच्या आईने, दगडाबाईंनी, मला फाईलमधून काढून अस्थींच्या मडक्यात ठेवले. म्हणाल्या, "ह्यो बी त्याच्याच अंगाचा तुकडा हाय. लेक अर्दा मागं ऱ्हायला नको." मला त्यांचा राग आला नाही. इतक्या वर्षांत मला सूर्यभानची म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

दहाव्याच्या सकाळी सगळे प्रवरासंगमावर आले. धाकटा भाऊ माधव मडके घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरला. तेवढ्यात काठावर बहिणीचा, नीलांबरीचा, मोबाईल वाजला. ऑपरेशन करणारे डॉक्टर अनीश होते. बातमी त्यांना नुकतीच कळली होती. बोलता बोलता त्यांनी विचारले, वडील कशाने गेले होते?

"पोटाच्या कॅन्सरनंच. बेचाळिसाव्या वर्षी."

डॉक्टर घाईने म्हणाले, "ती मेणाची वडी आहे ना घरात? आधी ती पाठवा. गाठीतली काही प्रथिनं नाहीशी झालेली दिसली, तर दोष रक्तातून आलेला असू शकतो. मग तुम्हा भावंडांचं रक्त तपासू. वेळेत कळलं तर पुढचं टाळता येतं."

"माधव, थांब. सोडू नको," नीलांबरी ओरडली.

मडके तिरके झालेच होते. राखेत पाणी शिरू लागले. भिजल्याने माझे काही बिघडत नाही, पण वाहून गेले असते तर सगळेच संपले असते. मी फार घाबरले होते. गुरुजी म्हणाले, वेळ टळतेय.

"आई, वडी काढू दे," नीलांबरी म्हणाली.

"न्हाई. तिनं माजा सूर्यभान माघारी येनार हाय का?"

"न्हाई येनार. पन आता माझा नंबर हाय का माधवचा, ते तरी कळंल."

दगडाबाई नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरल्या, राखेत हात घालून मला चाचपून काढले आणि पदराने पुसले.

आठवडाभर प्रयोगशाळेत मला पुन्हा कापले, रंगवले. चार प्रथिने शोधायची होती; दोन सापडलीच नाहीत. मग भावंडांचे रक्त गेले. माधव सुटला. नीलांबरीच्या रक्तात दोष निघाला. दुर्बिणीने पाहिले तर तिच्या आतड्यात हरभऱ्याएवढा कोंब होता. तो तिथल्या तिथे काढला. त्याचा कॅन्सर अजून झालेला नव्हता.

मित्रांनो, कुणाच्या घरी अशी वडी असेल तर तिला उन्हात ठेवू नका, टाकून देऊ नका. कमी वयात कुणाला असा आजार झाला, तर डॉक्टरांना विचारा, घराण्याचा दोष तपासलात का? मी आपणहून बोलू शकत नाही. मला विचारावे लागते.

परवा प्रयोगशाळेतून दगडाबाईंना फोन गेला. काम झाले आहे, वडी विसर्जनाला परत हवी का?

"असू द्या तितंच," त्या म्हणाल्या. "सूर्यभानच्या दोन पोरी तपासायच्या ऱ्हायल्यात अजून."